'पाडाला पिकलाय' म्हणजे नेमका कुठे पिकलाय?

अनुस्वार
मंडळी, एक अडचण आहे. आमच्या बंगळुरूच्या मंडळात गाण्यांचा कार्यक्रम ठरलाय, विषय 'फळं'. अट एवढीच की फळ गाण्याच्या नावातच हवं. (मराठी गाण्याला वेगळं नाव कुठे असतं म्हणा, धृपदाची पहिली ओळ हेच नाव.) ऐकायला येणाऱ्यांत निम्मे अमराठी, म्हणून प्रत्येक गाण्याआधी हिंदीत दोन वाक्यं बोलायची आहेत. सुलोचना चव्हाणांच्या 'पाडाला पिकलाय आंबा'पाशी गाडी अडली. एका उत्साही पोराने पाड म्हणजे पाडा समजून 'मोहल्ले में आम पका है' असं लिहून आणलं. ते खोडलं, पण त्या जागी काय घालू? मी 'पेड़ पर पका' म्हणतोय. सासूबाईंचं म्हणणं, पाड म्हणजे झाड नव्हे, ती फळाची अवस्था, आणि तीही पुरती पिकलेली नव्हे. मग 'पाडाला पिकलाय' कसं?

देवगडची लेक
सासूबाईंचं बरोबर आहे. फळ झाडावरच आपसूक पिकायला लागलं की आम्ही म्हणतो, 'पाड लागला'. पहिला पिवळा आंबा खाली पडलेला दिसला की काका माळ्यावरून झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, काढायचे. एक पाड मिळाला म्हणजे बाकीचा माल उतरवायला झाला. हापूस कोणी झाडावर पिकू देत नाही. चौदा आणे तयार झाला की देठासकट काढायचा, चीक फळावर ओघळू द्यायचा नाही आणि पेंढ्यात आढी घालायची. बाजारात जातो तो आढीचा. पाडाचा आंबा राखण्याचा, पोरांचा आणि वानरांचा. गाण्यातली सगळी गंमत तिथेच आहे. नुसत्या 'पेड़ पर'मध्ये ती येत नाही.

गंगाजमनी
हिंदीत आयता शब्द आहे की! झाडावर पिकलेला तो 'डाल का', आढीतला तो 'पाल का', आणि आपोआप गळलेला 'टपका'. 'डाल का पका आम' लिहा आणि मोकळे व्हा.

घाटावरचा
मोकळे कसले होताय? 'चिंचा आल्यात पाडाला' ही लावणी विसरलात का? चिंचेची आढी घातलेली कोणी पाहिली आहे का? पाड म्हणजे 'आढीतला नव्हे तो' एवढाच अर्थ धरला, तर चिंचेचं काय करायचं?

शुद्धमती
तिथे पुढे 'झाडाला' आहे, त्याच्याशी जुळवायला 'पाडाला' आलंय. यमकाची करामत ती. चिंच गाभुळते. ना धड हिरवी ना धड पिकली, टरफल सुटू लागलेलं, आत गर पिवळसर तपकिरी, अशी ती गाभुळलेली चिंच. इतका नेमका शब्द मराठीत असताना आंब्याचा पाड चिंचेच्या गळ्यात कशाला बांधायचा? गीतकाराची सोय म्हणजे भाषेचा नियम नव्हे.

घाटावरचा
ताई, आमच्याकडे बोरंही पाडाला येतात आणि चिंचाही. माझी आजी एकही लावणी न ऐकता तसं बोलायची, उलट लावण्यांचं नाव काढलं तरी तिचं तोंड वाकडं व्हायचं. तिला कोणी यमक जुळवून दिलं होतं? 'गाभुळलेली' हा शब्द मला पुस्तकातच भेटला.

शुद्धमती
तुम्हाला तो पुस्तकात भेटला याचा अर्थ तो पुस्तकी आहे असा होत नाही. आमच्या शाळेबाहेरची चिंचवाली ओरडून गाभुळलेल्या चिंचा विकायची. मीठ लावलेल्या, कागदाच्या पुडीत.

कृषिवल
दोघांनाही जरा आधार देतो. काही फळं काढल्यानंतरही पिकतात: आंबा, केळं, चिकू. द्राक्ष, संत्रं, डाळिंब तशी नाहीत, तोडलं तेव्हा जेवढी गोडी तेवढीच राहते. म्हणजे झाडावर पिकलेलं आणि घरात पिकवलेलं हा भेद पहिल्या गटातच संभवतो. आंब्याला 'पाड' असा खास शब्द मिळाला तो या व्यवहारातून, असा माझा तर्क. एकदा शब्द रुळला की मग तो 'पिकायच्या बेतात आलेलं कुठलंही फळ' असा पसरतो, आणि चिंचेवर जाऊन बसतो.

वऱ्हाडी ठेचा
हे वाचून समजलं की आमच्या संत्र्याला पाड का नाही. पण गाणं का नाही, ते कोण सांगणार? आंब्यावर लावणी, जांभळावर गाणं, चिंचेवर लावणी, आणि नागपूरचं संत्रं तसंच कोरडं?

ओवीप्रेमी
'पाड' ज्ञानेश्वरीतही येतो, पण तोलामोलाच्या, बरोबरीच्या अर्थाने. 'त्याच्यापुढे माझा काय पाड' असं आपण आजही म्हणतो. मला वाटतं मूळ एकच असावं. फळ आपल्या मोलाला पोचलं, तोलात उतरलं, म्हणजे पाडाला आलं. किती सुंदर!

कृषिवल
सुंदर आहे म्हणून खरं असेलच असं नाही. मला विचाराल तर सरळ 'पडणे'. पिकलं की पडतं.

ओवीप्रेमी
मग पाला पडतो, पाऊस पडतो, त्यांचा पाड का होत नाही?

मधली आळी
व्युत्पत्ती चालू द्या, पण जे उघड आहे त्याबद्दल कोणीच बोलत नाहीये. लावणीतला आंबा फळ नाही हो! 'डाल का पका आम' म्हटलं की हिंदी ऐकणाऱ्याला फळबाजार दिसेल. आणि चिंचेच्या लावणीत 'हात लावू नको' म्हणणारी बाई काय बागाईतदार आहे? निवेदनात तो दुसरा अर्थ सूचित तरी व्हायला हवा.

शुद्धमती
कौटुंबिक कार्यक्रम आहे त्यांचा.

मधली आळी
सुलोचनाबाई डोक्यावर पदर घेऊन, जागची न हलता गायच्या आणि अख्खं थिएटर शिट्ट्या मारायचं. यातलं कौटुंबिक काय आणि अकौटुंबिक काय ते तुम्हीच ठरवा. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली ती याच लावण्यांसाठी. शब्द सोवळा करून अनुवाद केला तर गाणं तरी कशाला ठेवायचं?

अनुस्वार
आभार. 'डाल का पका' तूर्तास लिहून ठेवतो. यादीही दाखवतो, काही राहिलं असेल तर सांगा: झिम्म्याचं 'आंबा पिकतो रस गळतो', विठ्ठल उमपांच्या 'जांभूळ आख्याना'तला तुकडा, महानोरांचं 'जांभूळ पिकल्या झाडाखाली', 'नाच रे मोरा आंब्याच्या वनात' आणि 'निंबोणीच्या झाडामागे'.

शुद्धमती
'जांभूळपिकल्या' असं जोडून लिहा. ज्याचं जांभूळ पिकलंय असं झाड, तो समास आहे. तोडून लिहिलंत तर 'पिकल्या' कोणाला लागतं तेच कळत नाही.

थेम्सकाठ
'नाच रे मोरा' तुमच्या अटीत बसत नाही. 1953 सालच्या 'देवबाप्पा'तलं गदिमांचं गाणं, पुलंची चाल, आशाबाईंचा आवाज, सगळं कबूल. पण त्यात आंब्याचं वन आहे, आंबा नाही. इकडे बीटल्सचं 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' (1967) लोक फळांच्या यादीत घालतात, तसंच झालं हे. लिव्हरपूलमधल्या एका बालगृहाचं नाव होतं ते, स्ट्रॉबेरीशी काही देणंघेणं नाही.

देवगडची लेक
शिवाय पाऊस सुरू झालाय त्या गाण्यात. तेव्हा झाडावर उरलाच तर एखादा रायवळ, तोही अळी पडलेला.

घाटावरचा
मग निंबोणी तरी कशी चालते? निंबोणी म्हणजे कडुनिंब. त्याला काय फळ म्हणायचं?

अनुस्वार
मी लिंबू समजून घातलं होतं.

घाटावरचा
लिंबाच्या झुडपामागे चंद्र झोपेल का? कागदी लिंबाचं झाड ते केवढं! कडुनिंब कसा, अंगणात डेरेदार, चंद्र खुशाल लपेल. आणि देशावर 'लिंब' म्हटलं की कडुनिंबच. लिंबाखाली बाज टाकून झोपतात, ते काय लिंबूसरबताच्या आशेने?

सोलापुरी चादर
तुम्ही 'लिंब' आणि 'लिंबोणी' यांची गल्लत करताय. लिंब म्हणजे कडुनिंब, मान्य. पण आमच्याकडे कागदी लिंबाच्या बागेला सरसकट 'लिंबोणीची बाग' म्हणतात. लिंबोणी, निंबोणी एकच, ल आणि न यांची अदलाबदल आपल्याकडे नवी नाही. कडुनिंबाच्या फळाला निंबोळी म्हणतात, तिच्यामुळे हा घोळ होतो.

ओवीप्रेमी
सिनेमातलं गाणं 1977 चं, 'बाळा गाऊ कशी अंगाई'मधलं. पण निंबोणी त्याच्या कितीतरी आधीची आहे. 'चांदोमामा चांदोमामा भागलास का, निंबोणीच्या झाडामागे लपलास का' हे आपण सगळे म्हणतच मोठे झालो. तेव्हा सिनेमाच्या गीतकाराला काय अभिप्रेत होतं हा प्रश्नच नाही. बडबडगीतातलं झाड कोणतं ते बघा. त्यातच पुढे 'निंबोणीचं झाड करवंदी' येतं.

मधली आळी
करवंदी हे काय प्रकरण आहे? मला लहानपणापासून पडलेला प्रश्न. निंबोणीला करवंदं लागतात?

शुद्धमती
'मामाचा वाडा चिरेबंदी'शी जुळवलंय, दुसरं काय.

घाटावरचा
आलं का पुन्हा यमक! तुमचं बरं आहे, अडलं की यमक.

सोलापुरी चादर
नाही, थांबा. लिंबोणीला काटे असतात, चांगले टोचरे. करवंदीच्या जाळीलाही काटे. कडुनिंबाला एक काटा दाखवा. करवंदी म्हणजे करवंदीसारखं दाट, काटेरी झाड. मला तरी हे लिंबोणीच्या बाजूने पडतंय असं वाटतं.

घाटावरचा
आणि चंद्र?

सोलापुरी चादर
मूल कडेवर असतं, चंद्र नुकता उगवलेला, अंगणाच्या कडेला टेकलेला. त्याला लपायला पुरुषभर उंचीचं झुडूपही पुरतं. माथ्यावर आलेला चंद्र कडुनिंबामागेसुद्धा लपत नाही.

देवगडची लेक
आमच्या आजोळी ते 'लिंबोणीच्या झाडामागे' असंच म्हणायचे, आणि घरामागे ईडलिंबाचं झाड होतं. आम्हा पोरांना तेच दाखवायचे. आता ईडलिंबू लिंबोणीत धरायचं का, हे कृषिवल सांगतील.

कृषिवल
ईडलिंबू, महाळुंग आणि गळलिंबू यांच्यात प्रत्येक तालुका वेगळा गोंधळ घालतो. तुमच्या झाडाचं फळ लांबट होतं की गोल? साल जाड होती का? त्याचं लोणचं घालायचे की नुसता मुरंबा?