डेस्कटॉपला लॅपटॉपसारखा कीबोर्ड: उगाच चोचले की खरी गरज?

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

मंडळी, विषय किरकोळ वाटेल, पण माझं पोट त्याच्यावर आहे. भाषांतराची कामं करतो. इतकी वर्षं साडेपंधरा इंची लॅपटॉपवर टंकलं. आता घरी डेस्कटॉप असेंबल करून घेतला, आणि दुकानदाराने सोबत जो कीबोर्ड गळ्यात मारला त्याने बोटं भरून येतात. प्रत्येक बटण खोल विहिरीत ढकलावं लागतं.

माझं मत सरळ मांडतो, मग खुशाल तुटून पडा. ज्याचा हात लॅपटॉपवर बसलाय त्याने डेस्कटॉपलाही तसाच उथळ बटणांचा कीबोर्ड घ्यावा, आणि त्यासाठी पाच-सात हजार घालवायची गरज नाही. फक्त दिसण्यावर जाऊ नये. बाजारात 'स्लिम', 'चिकलेट' म्हणून जे विकतात त्यातले बरेचसे नुसते दिसायला लॅपटॉपसारखे असतात. बटणं चौकोनी, सपाट, एकमेकांपासून सुटी. पण आत तोच जुना रबरी डोम, म्हणजे बटणाला उसळी देणारी रबराची टोपी, आणि त्यावर खालीवर होणारी दांडी. डेल केबी२१६ हे याचं सगळ्यांनी पाहिलेलं उदाहरण. सहा-सातशेत मिळतो, कामाला वाईट नाही, पण लॅपटॉपचा हात त्याला नाही.

लॅपटॉपमध्ये बटणाखाली प्लास्टिकच्या दोन पट्ट्यांची कात्री असते, फुलीसारखी. रबरी डोम तिथेही असतोच, पण कात्रीमुळे बटण कुठेही दाबलं तरी सपाट खाली जातं. खोली दीड मिलिमीटरच्या आसपास. साध्या डेस्कटॉप कीबोर्डची साडेतीन ते चार. दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर मात्र दोन्हीकडे साधारण १९ मिलिमीटरच असतं, म्हणजे बोटांना जागा नवी नसते, खोली नवी असते. सगळा त्रास या दोन-अडीच मिलिमीटरचा आहे.

बजेट दीड हजार, फार तर थोडं वर. वायर असली तर उत्तम. काय म्हणता?

खटखट्या

असहमत. आणि जोरात असहमत.

लॅपटॉपची बटणं उथळ असतात कारण लॅपटॉप पातळ करायचा असतो. टंकणाऱ्याच्या सोयीसाठी कोणी ती उथळ केलेली नाहीत. नाइलाजाने पत्करलेली तडजोड तुम्ही टेबलावर, जिथे जागाच जागा आहे तिथे, पैसे मोजून का आणताय? पातळपणाचा हट्ट कुठे नेतो ते ॲपलने दाखवलं. २०१५ साली 'बटरफ्लाय' बटणं आणली, कण अडकला की बटण बंद किंवा एकाचं दोन अक्षरं. शेवटी अमेरिकेत ग्राहकांच्या दाव्यात २०२२ साली पाच कोटी डॉलरची तडजोड करावी लागली.

दीड हजाराला थोडे पैसे जोडा आणि मेकॅनिकल घ्या, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्प्रिंगचा स्वतंत्र स्विच असलेला. रबरी डोमवर टंकणं म्हणजे चिखलात पाय घालत चालणं. मेकॅनिकलमध्ये चार मिलिमीटर खोली असली तरी अक्षर दोन मिलिमीटरलाच उमटतं, तळ गाठायची गरज नाही. माझ्याकडे वडिलांच्या ऑफिसातला जुना टीव्हीएस गोल्ड आहे. वर छापलेली अक्षरं पुसली गेली, कीबोर्ड हूं की चूं करत नाही.

बोरूबहाद्दर

@खटखट्या, तो स्वतः हूं की चूं करत नसेल, शेजाऱ्यांना मात्र खटखट ऐकू जात असणार. आमच्या घरी रात्री अकरानंतर काम चालतं आणि भिंतीपलीकडे दहावीतली मुलगी झोपते.

बटरफ्लायचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. ती कात्री नव्हतीच. कात्री सोडून दुसरं काही करायला गेले आणि हात पोळले. २०१९ च्या अखेरीस सोळा इंची मॅकबुक प्रोमध्ये परत कात्रीवरच आले ना?

आणि 'तळ गाठायची गरज नाही' हे म्हणायला ठीक. माझ्यासारखा माणूस प्रत्येक बटण तळापर्यंत हाणतोच. सवय आहे. कीबोर्डने माझ्या सवयीला जुळवून घ्यावं, मी त्याच्या का?

सौ_टंकन

मी टंकलेखन संस्थेत शिकवते, त्यामुळे थोडं वेगळं बोलते. धागाकर्त्यांचं भाषांतराचं काम आहे, त्यांनी खुशाल पातळ घ्यावा. पण हा धागा वाचून कोणी विद्यार्थ्याने तसं करू नये. परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेला किंवा लिपिक-टंकलेखकाच्या चाचणीला बसणाऱ्यांना केंद्रावर जो कीबोर्ड समोर येईल त्यावर वेग दाखवायचा असतो. मिनिटाला मराठी ३० शब्द, इंग्रजी ४०. आणि केंद्रावर बहुतेक वेळा साधा उंच बटणांचाच असतो. घरी लॅपटॉपवर सराव केलेली मुलं तिथे गेली की अर्धवट दाबतात, अक्षरं गळतात. वेलांटी गळली की शब्द चुकला. पहिली पाच मिनिटं हात बसवण्यात जातात, आणि उतारा काही थांबत नाही.

मऊ कीबोर्डचे लाड नोकरी लागल्यावर.

इसारकाठी

म्युनिकहून. इकडे कात्रीवाले डेस्कटॉप कीबोर्ड ऑफिसांत सर्रास दिसतात. चेरीचा 'स्ट्रीम' त्यातलाच. मेकॅनिकल स्विचसाठी ओळखली जाणारी कंपनी कात्रीचेही कीबोर्ड काढते, हे खटखट्यांच्या माहितीसाठी. वायरवाला, पूर्ण आकाराचा, आवाज जवळजवळ नाही. माझ्या टेबलावर तोच आहे.

पण इथल्या नातेवाइकाकडून मागवू नका. जर्मन मांडणीत वाय आणि झेड यांची अदलाबदल असते, हे एकवेळ चालेल. डावं शिफ्ट मात्र आखूड असतं, शेजारी एक जादा बटण घुसवलेलं. मी इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे सरकारमान्य देवनागरी मांडणीत, मराठी लिहितो, ख, थ, ळ, श सगळे डाव्या शिफ्टने. करंगळी दर वेळी त्या आगंतुक बटणावर.

बोरूबहाद्दर

@इसारकाठी, कळीचा मुद्दा काढलात, तो मी मूळ लेखात घालायला हवा होता. मराठी टंकणाऱ्याने आधी शिफ्ट बघावं, मग बाकी सगळं.

इन्स्क्रिप्टमध्ये 'ण' म्हणजे शिफ्ट आणि सी. सी डाव्या हाताचं, म्हणून शिफ्ट उजवं. आता छोट्या कीबोर्डांवर जागा वाचवायला उजवं शिफ्ट कापतात आणि तिथे वरचा बाण बसवतात. 'पण' लिहायला गेलं की करंगळी बाणावर, कर्सर वरच्या ओळीत, आणि तिथल्या भल्या शब्दाच्या पोटात एक 'म' जाऊन बसतो. मराठीत पण, आणि, म्हणून, कारण यांच्याशिवाय परिच्छेद पुरा होतो का? एका मित्राच्या कीबोर्डवर मी अर्धं पान टंकलं आणि परत दिला. इंग्रजीवाल्याला उजवं शिफ्ट आखूड असल्याचं वर्षभर कळणारही नाही.

फोनेटिकवाल्यांचं, म्हणजे रोमन अक्षरांच्या उच्चारावरून मराठी टंकणाऱ्यांचंही फार वेगळं नाही. तिथेही ण, ळ, ट, ड हे बहुधा मोठ्या (कॅपिटल) अक्षरांवरच असतात, म्हणजे शिफ्ट आलंच.

वऱ्हाडी_ठोका

भाऊ, येवढं कायले डोकं लावता? जुना लॅपटॉप पडला असन घरी, त्याचा कीबोर्ड काढा न् जोडून द्या. फुकटात काम.

लॅमिंग्टनचा_वाणी

@वऱ्हाडी_ठोका, तसं होत नाही. लॅपटॉपच्या कीबोर्डला यूएसबी नसते, नुसती चपटी पट्टी बाहेर येते. कोणतं बटण दाबलं हे ओळखणारी चिप मदरबोर्डवर असते. वेगळा कंट्रोलर घेऊन, पट्टीच्या एकेका तारेचा माग काढून, प्रोग्राम लिहून करणारे हौशी लोक आहेत. पण ते दीड हजारात आणि एका रविवारात बसत नाही.

लॅमिंग्टन रोडला काउंटरच्या अलीकडे उभं राहून बरीच वर्षं गेली, म्हणून चार शब्द. धागाकर्ते म्हणतात ते बरोबर, खोक्यावरच्या 'स्लिम'ला अर्थ नाही. दुकानात ओळखायची सोपी रीत सांगतो. मधलं एखादं अक्षराचं बटण घ्या, जी किंवा एच. त्याच्या अगदी कोपऱ्यावर नखाने दाबा. कात्री असेल तर चारही कोपरे बरोबरीने खाली जातात. साधा डोम असेल तर दाबलेला कोपरा बुडतो, समोरचा वर उचलला जातो, कधी बटण वाटेतच अडकतं. स्पेसबार किंवा एंटरवर हे करू नका, लांब बटणांखाली तोल सांभाळायला तार असते, ती फसवते. दुकानदार खोकं उघडू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा, गल्लीत दुकानांना तोटा नाही.

आता वाईट बातमी. वायरवाला, पूर्ण आकाराचा, खरी कात्री असलेला आणि दीड हजाराच्या आतला, हे चारही एकत्र क्वचित जुळतं. काही कमी नावाजलेल्या ब्रँडांचे येतात, पण आज आलेला माल पुढच्या महिन्यात असेलच असं नाही. ओळखीच्या नावांत लॉजिटेकचा के३८० आहे. कात्री आहे, तीन यंत्रांशी जोडता येतो, पण तो अडीच-तीन हजारांच्या घरात जातो, ब्लूटूथवर चालतो आणि आकडेपट्टी (उजवीकडचा आकड्यांचा वेगळा गट) नाही. गोल बटणं काहींना रुचत नाहीत. तिसरी वाट जुन्या मालाची. कंपन्यांचे कॉम्प्युटर भंगारात निघतात त्यात कधी कधी थिंकपॅडचा कॉम्पॅक्ट यूएसबी कीबोर्ड येतो, मध्ये लाल टोपण असलेला. तो मिळाला तर भाव न करता उचला. बरं, भाव करा, पण उचला.

खटखट्या

@लॅमिंग्टनचा_वाणी, कात्रीचं बटण निघालं तर काय होतं तेही सांगा की. माझ्या एका पातळ कीबोर्डचं एस बटण साफ करायला काढलं, कात्रीची खुंटी तुटली. केसाएवढी खुंटी. सुटा भाग मिळेना, अख्खा कीबोर्ड टाकला. मेकॅनिकलचं बटण ओढून काढा, धुवा, परत बसवा. आपल्याकडची धूळ बघता हा मुद्दा लहान नाही. परवडणारा म्हणजे फक्त खरेदीला स्वस्त का?

लॅमिंग्टनचा_वाणी

खरं आहे. कात्रीची बटणं काढायचीच नाहीत. उलटा धरायचा, हलका थोपटायचा, मऊ ब्रश. चहा सांडला तर मात्र राम म्हणा.

ताळेबंद

अकाउंट्सवाल्यांच्या वतीने निषेध. लॅपटॉपसारख्या कीबोर्डांत फंक्शन बटणांवर आवाज, उजेड, गाणं पुढे-मागे असले उद्योग आधी असतात आणि खरं एफ४, एफ५ मिळवायला एफएन दाबून धरावं लागतं. टॅलीत पेमेंट एफ५, रिसीट एफ६, सेल्स एफ८. व्हाउचर बदलायला गेलो आणि स्पीकर बंद झाला. काहींत एफएन कुलूप असतं, काहींत त्यासाठी कंपनीचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं, काहींत काहीच नसतं. शिवाय आकडेपट्टी नसलेला कीबोर्ड जीएसटीच्या दिवसांत कोणाला देऊन बघा. आमच्यासाठी सातशेचा साधा कीबोर्ड हाच राजा.

गप्प_बसा

ब्लूटूथवाला घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: असेंबल केलेल्या बऱ्याच डेस्कटॉपांत ब्लूटूथच नसतं, डोंगल वेगळं आणावं लागतं. आणि विंडोज सुरू होण्याआधी, बायोसमध्ये, ब्लूटूथ कीबोर्ड सहसा चालत नाही. जुना वायरवाला माळ्यावर टाकू नका.

स्वतःच्या रिसीव्हरवर चालणारा घेतलात तर तो मागे यूएसबी ३ च्या पेनड्राइव्हला खेटून लावू नका. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, अक्षरं गळतात आणि लोक कीबोर्डला शिव्या देतात. पुढच्या बाजूला लावा किंवा छोटी एक्स्टेन्शन वायर घ्या.

बोरूबहाद्दर

@ताळेबंद, तुमचं काम वेगळं, मान्य. मला एफ बटणांपैकी एफ७ सोडलं तर कशाचं नाव माहीत नाही.

@खटखट्या, टिकाऊपणात तुम्ही वरचढ, त्यात वाद नाही. पण मी कीबोर्ड नातवंडांसाठी घेत नाहीये. आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूचे लोक बोलत नाहीत: उंची. उंच कीबोर्ड, त्यात मागचे पाय उघडलेले, म्हणजे मनगट सतत वर मोडलेलं. त्यावर उपाय म्हणून मनगटाखाली उशी विकतात. पातळ कीबोर्ड टेबलावर सपाट पडला की उशीचा खर्च वाचतो. ज्यांना खटखट्यांचंच ऐकायचंय त्यांनी निदान मागचे पाय मिटून बघावेत, त्याला पैसे पडत नाहीत.

माझं ठरतंय ते असं: वायर, कात्री, दोन्ही शिफ्ट पूर्ण लांबीची. आकडेपट्टीवर पाणी सोडायला तयार आहे. बजेट दोन हजारांपर्यंत ओढतो, त्यापुढे नाही.

खटखट्या

घ्या. दोन वर्षांनी खुंटी तुटली की धागा वर काढा, मी इथेच आहे.

सौ_टंकन

@बोरूबहाद्दर, एफ आणि जे वरच्या उंचवट्याच्या रेघाही बोट फिरवून बघा. स्वस्त पातळ कीबोर्डांत त्या इतक्या पुसट असतात की न बघता हात जागेवर येत नाही.

लॅमिंग्टनचा_वाणी

@बोरूबहाद्दर, येताना तुमचा लॅपटॉप बरोबर आणा. दोन्ही शेजारी ठेवून एकच परिच्छेद दोन्हीवर टंका, मराठीत, भरपूर ण असलेला. आठवणीवर भरवसा ठेवून आलेलं गिऱ्हाईक बदली मागायला परत येतं. आणि शनिवारी संध्याकाळी नको, त्या गर्दीत कोणी खोकं उघडून देणार नाही.