पीआरची फाइल आणि मागे राहिलेलं घर: नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा

परवा मेलबर्नहून भाचीचा फोन आला, पीआरबद्दल, म्हणजे परदेशात कायमचं राहण्याच्या परवान्याबद्दल. "मावशी, पीआरची फाइल लावतेय. तुझ्या वेळी नेमकं काय अडलं होतं गं?" मी सांगायला बसले आणि तास उलटला तरी संपेना. फोन ठेवल्यावर वाटलं, नियम प्रत्येक देशाच्या सरकारी संकेतस्थळावर आहेत. पण नाशिकहून निघालेल्या माणसाच्या फाइलीत जे अडतं ते तिथे लिहिलेलं नसतं. बारशाआधीच झालेली जन्मनोंद, लग्नानंतर बदललेलं नाव, आईवडिलांचं आजारपण, मागे राहिलेली जमीन. म्हणून हा धागा. देश कुठलाही चालेल. अर्ज मंजूर झाला असेल तर लिहाच, नामंजूर झाला असेल तर आधी लिहा. फक्त स्वतःचं लिहा, ऐकीव नको. एजंटांच्या जाहिराती तर नकोतच.

सुरुवात मी करते.

पंचवटी, आता लेस्टर

इंग्लंडमध्ये पीआरला आयएलआर म्हणतात. नवरा नोकरीच्या व्हिसावर, मी त्याची डिपेंडंट. पाच वर्षं सलग राहिलं की अर्ज करता येतो, पण त्या पाच वर्षांत कुठल्याही बारा महिन्यांत 180 पेक्षा जास्त दिवस देशाबाहेर राहायचं नाही. जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष धरत नाहीत. कुठलीही तारीख घ्या, तिच्या मागचे बारा महिने मोजतात.

2022 मध्ये बाबांच्या किडन्या निकामी झाल्या. जानेवारीत आले ती 97 दिवस राहिले. ऑगस्टमध्ये पुन्हा यावं लागलं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज सकाळी मी पेन्सिलीने एक तारीख खोडायचे. आईने एकदा विचारलं, "कसले दिवस मोजतेस?" बाबांचे दिवस मोजते असं तिला वाटू नये म्हणून ते कॅलेंडर मी माझ्या बॅगेत ठेवून दिलं. बाबा गेले त्या दिवशी आकडा 167 होता. रामकुंडावर दहावा झाला आणि दुसऱ्या दिवशी मी निघाले. विमान चुकलं, काही लांबलं तर काय, ही धास्ती. तेराव्याला मी घरी नव्हते.

दोन वर्षांनी अर्ज भरताना नियम नीट वाचले. जवळच्या नातेवाइकाच्या जीवघेण्या आजारपणासाठी बाहेर राहावं लागलं आणि त्याचे पुरावे असले, तर ते दिवस त्या 180 मध्ये धरत नाहीत. जाण्यायेण्याचे दिवसही मोजत नाहीत, फक्त पूर्ण दिवस मोजतात. मी थांबू शकले असते. डायलिसिसच्या पावत्या, डिस्चार्ज कार्डं, सगळं आईकडे जपून ठेवलेलं होतं. म्हणून हात जोडून सांगते, घरी आजारपण असेल तर आधी नियमाचं ते पान वाचा, मग परतीचं तिकीट काढा.

बाकीचं सोपं होतं. 'लाइफ इन द यूके' परीक्षेत 24 प्रश्न, 45 मिनिटं, 18 बरोबर आले की पास. फी मात्र 2024 मध्ये माणशी 2,885 पौंड होती, ती आधीपासून साठवा. आणि मे 2025 मध्ये सरकारने पाच वर्षांऐवजी दहा वर्षांचा प्रस्ताव मांडलाय, तेव्हा आता वाटेवर असलेल्यांनी त्याच्या बातम्यांवर लक्ष ठेवा.

नाशिकरोड, आता न्यू जर्सी

ताई, तेराव्याचं वाचून थांबलो थोडा वेळ.

माझं ग्रीन कार्ड. अमेरिकेत नोकरीच्या वाटेने वर्षाला साधारण 1,40,000 ग्रीन कार्डं देतात, पण कुठल्याही एका देशाला 7 टक्क्यांच्या वर नाही. आपल्याकडचे अर्जदार प्रचंड, त्यामुळे रांग. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नाव लागल्याची तारीख, ऑगस्ट 2012 ची. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन निघतं, त्यात भारताच्या रकान्यात कुठली तारीख आलीय ते बघायचं. मी आठ वर्षं ते बघत होतो. ऑक्टोबर 2020 मध्ये ईबी-3 ची (नोकरीवाल्यांच्या तिसऱ्या वर्गाची) अर्ज भरण्याची तारीख एकदम जानेवारी 2015 वर आली. मी ईबी-2 च्या, म्हणजे दुसऱ्या वर्गाच्या, रांगेत होतो. माझ्यासारख्या हजारो जणांनी त्या महिन्यात ईबी-3 मधून आय-485, म्हणजे ग्रीन कार्डाचा अखेरचा अर्ज, भरला.

आणि तिथे अडला जन्माचा दाखला. माझा जन्म 1979 चा. बारसं बाराव्या दिवशी, पण नोंद प्रसूतिगृहातून त्याआधीच गेलेली. नाव नंतर लावून घ्यायचं असतं, हे घरात कोणाला सुचलंच नाही. दाखल्यावर नावाच्या जागी आडवी रेघ, खाली 'पुरुष', मग आईवडिलांची नावं. चाळीस वर्षं काही बिघडलं नाही. 26 जानेवारी 1989 च्या आधी जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी शाळा सोडल्याचा दाखला चालायचा, माझाही चालला. अमेरिकेला मात्र नाव, तारीख, गाव आणि दोन्ही पालक, सगळं हवं असतं. दाखल्यात कमी असेल तर जन्माची स्वतः माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं द्यायची.

आई होती. दुसरी कोण? थोरली आत्या, वय 81. भावाने तिला रिक्षात घालून सीबीएसजवळ कोर्टापाशी नोटरीकडे नेलं. 'मला ही माहिती आहे' एवढंच लिहून भागत नाही, कशी माहिती आहे तेही लिहावं लागतं. नोटरीने विचारलं तसं आत्या सांगत गेली: रात्रीची वेळ, टांगा मिळेना, ती आणि माझी आजी आईला धरून चालत निघाल्या, उजाडता उजाडता मी झालो. हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मला ते प्रतिज्ञापत्रातून कळलं, इंग्रजीत, खाली आत्याची मोडीच्या वळणाची सही.

कार्ड 2024 मध्ये हातात आलं. आत्या त्याआधीच गेली. तुमचे वडीलधारे आहेत तोवर दाखला काढून बघा. मराठी दाखला असेल तर इंग्रजी भाषांतर लागतं आणि भाषांतर करणाऱ्याने ते बरोबर असल्याचं सहीनिशी लिहून द्यावं लागतं.

पाथर्डी फाटा, आता श्टुटगार्ट

सातपूरच्या बॉशमुळे (आमच्या घरी अजून मायकोच म्हणतात) जर्मनीचं नाव लहानपणापासून कानावर. मी थोडक्यात लिहितो कारण मला खरंच सोपं गेलं. ब्लू कार्ड (शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा परवाना) असेल आणि जर्मन बी1 पर्यंत, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत, येत असेल तर 21 महिन्यांत कायमचा परवाना मागता येतो. ए1 वर, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीवर, थांबलात तर 27 महिने. पेन्शनची वर्गणी तेवढे महिने भरलेली हवी. फरक पडला तो फक्त भाषेने. पहिल्याच हिवाळ्यात संध्याकाळचा क्लास लावला. ऑफिसात सगळे इंग्रजी बोलतात म्हणून तो टाळू नका.

अशोकस्तंभ, आता मिसिसॉगा

कॅनडा. पदवीचं मूल्यांकन करून घ्यायचं, त्यासाठी विद्यापीठाने ट्रान्सक्रिप्ट बंद पाकिटात घालून, पाकिटाच्या तोंडावर शिक्का मारून द्यायचं. मी तिकडे, त्यामुळे पाकीट आणायला पुण्याला बाबा गेले. निवृत्त हेडक्लार्क. पहाटेची पुण्याची एसटी, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत दुपारी विद्यापीठात. त्या दिवशी काम झालं, रात्री घरी आले. आणि सवयीप्रमाणे पाकीट उघडून सगळ्या सेमिस्टरचे गुण माझ्या मार्कशीटांशी ताडून पाहिले.

व्हॉट्सअॅपवर त्यांनी मला फोटो पाठवला, "सर्व बरोबर आहे." फोटोत पाकिटाचं तोंड फाटलेलं आणि शिक्क्याचे दोन तुकडे झालेले. उघडलेलं पाकीट चालत नाही हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं, चूक माझी. मी फोनवर रडले. ते एवढंच म्हणाले, "उद्याची गाडी आहे." दुसऱ्यांदा आणलेलं पाकीट त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून देवघरात ठेवलं आणि कुरिअरवाला येईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही.

आयईएल्ट्समध्ये लेखनाला 6.5 मिळाले. सात हवे होते. त्या अर्ध्या बँडमुळे सीएलबी 9 (कॅनडाच्या भाषा-मोजमापातली नववी पातळी) हुकलं आणि कितीतरी गुण गेले, कारण शिक्षण आणि अनुभवाचे पूर्ण जोडगुण त्याच्यावरच मिळतात. वर्षभर पूलमध्ये, म्हणजे गुणांप्रमाणे लावलेल्या इच्छुकांच्या यादीत, पडून होते. मग 13 फेब्रुवारी 2021 ला कॅनडात काम करणाऱ्यांसाठी 75 गुणांवर पीआरच्या अर्जाची आमंत्रणं निघाली, एका दिवसात 27,332. त्यात माझं नाव होतं. 75 गुण त्या पाकिटाशिवायही झाले असते. हे मी बाबांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

आमंत्रणानंतर 60 दिवस मिळतात. मागच्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येक देशाचं पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं, ते आधीच मागवायला घ्या.

महात्मानगर

मी अर्जदार नाही, अर्जदाराची आई आहे. चालेल ना?

मुलाला दहा वर्षांचे पत्ते द्यायचे होते, महिन्यासकट, मध्ये एकही महिना रिकामा नको. पुण्यात तो चार ठिकाणी राहिला, त्याला एकही तारीख आठवेना. माझ्या हिशोबाच्या वह्या आहेत, 1994 पासूनच्या. माळ्यावरून काढल्या. 'चि. खोलीभाडे डिपॉझिट' कुठल्या महिन्यात लिहिलंय, 'टेम्पो सामान' कुठल्या महिन्यात, यावरून सगळे पत्ते जुळवले. दोन दुपारी गेल्या. त्याची फाइल मंजूर झाली तेव्हा त्याने पहिला फोन मला केला.

सातपूर कॉलनी, आता योकोहामा

माझा पहिला अर्ज नामंजूर झाला, म्हणून लिहितोय. जपानमध्ये एरवी दहा वर्षं लागतात. शिक्षण, पगार, वय, जपानी भाषा यांचे मिळून 70 गुण झाले तर तीन वर्षांत, 80 झाले तर एका वर्षात अर्ज करता येतो. ही सवलत 2017 पासूनची. माझे 75 होते. हमीदार लागतो. माझ्या विभागप्रमुखांनी सही दिली, आणि तिथे अशी सही मागणं ही फार मोठी गोष्ट असते. कायमचं का राहायचंय याचं पत्र जपानीत लिहिलं. आठ महिने वाट पाहिली. मग मंजुरीच्या पोस्टकार्डाऐवजी लिफाफा आला.

कारण विचारायला गेलो. समोरच्या बाईंनी माझ्या पेन्शनच्या नोंदीचा कागद फिरवून माझ्यासमोर ठेवला आणि दोन ओळींवर पेनाचं टोक टेकवलं. नोकरी बदलताना मध्ये दोन महिने गेले होते. नोकरी असते तेव्हा पेन्शन पगारातून जाते, मधल्या काळात ती आपली आपण भरायची असते, पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत. मी भरली होती, पूर्ण भरली होती, पण नव्या नोकरीत स्थिर झाल्यावर. रक्कम भरलीय की नाही एवढंच ते बघत नाहीत, वेळेत भरलीय का ते बघतात.

विभागप्रमुखांना हे सांगायला जाताना पाय जड झाले होते. ते म्हणाले, पुढच्या वेळीही सही मीच देईन. दोन वर्षं प्रत्येक हप्ता वेळेत भरला, पावत्या फाइलीत लावल्या आणि पुन्हा अर्ज केला. यंदा मिळालं. सही त्यांचीच आहे.

सिडको, आता सिएटल

एक प्रश्न. लग्नात सासरी माझं पहिलं नावही बदललं. डिग्री माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या. राजपत्र केलेलं नाही. कोणाचं असं झालंय का?

(त्यावर, नाशिकरोड, आता डब्लिन)

माझं अगदी असंच होतं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, असे तीन कागद जोडले आणि पुन्हा कोणी विचारलं नाही. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो, तो आधी कर. आणि फाइल चालू असताना नावात अक्षराचाही बदल करू नकोस. मी मुलींच्या जन्मदाखल्यावरही पासपोर्टवरचंच नाव लावलं.

पिंपळगाव बसवंत, आता मिल्ड्यूरा

इथे सगळे शहरातले दिसतात, मी द्राक्षवाला. कृषी पदवी घेऊन ऑस्ट्रेलियात आलो, तेही द्राक्षाच्याच गावात. 491 हा प्रादेशिक व्हिसा. किमान 65 गुण लागतात, पण तेवढ्यावर कोणी बोलावत नाही. ठरलेल्या प्रादेशिक भागात तीन वर्षं राहून काम करायचं, तीन वर्षांच्या कर-आकारणीच्या नोटिसा जोडायच्या आणि 191 मागायचा, तोच पीआर. शहरातले मित्र म्हणायचे खेड्यात कशाला जातोस. मला तर मांडवाखाली उभं राहिल्यावरच बरं वाटतं.

माझा गुंता पीआरनंतरचा आहे. आता नागरिकत्वही मागता येईल. बायको म्हणते घेऊ. पण ते घेतलं की भारताचं जातं, आपला कायदा दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) मिळतं, मत देता येत नाही. आणि माझा खरा प्रश्न सातबाऱ्याचा. वारसाने आलेली जमीन ओसीआयलाही राहते, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. आत्ता परदेशात राहतोय तोवर मलाही घेता येत नाही. पण भारतीय नागरिक म्हणून परत येऊन राहिलो, तर शेतकरी खातेदार या नात्याने घेता येईल. आमच्या बांधाला लागून चुलत्यांचे दोन एकर आहेत. त्यांची मुलं पुण्यात, कधीतरी विकणारच. वडिलांची नजर गेली तीस वर्षं त्या दोन एकरांवर आहे.

म्हणून मी पीआरवरच थांबलोय. त्याच्यावर ये-जा करायची सोय पाच वर्षांची असते. पाचातली दोन वर्षं तिथे राहिलेलो असलो तर रेसिडेंट रिटर्न व्हिसा मिळतो. एवढं सांभाळतो.

एकच सल. दक्षिण गोलार्ध असल्याने तिथली काढणी आणि आपली काढणी एकाच महिन्यांत येते, जानेवारी ते एप्रिल. इतक्या काढण्या झाल्या, मी एकदाही बागेत नव्हतो. वडील व्हिडिओवर घड दाखवतात, मणी किती मिलिमीटरचा झाला ते मोजपट्टी लावून दाखवतात. ऑक्टोबर छाटणीला मात्र सुटी मिळते. यंदाचं तिकीट काढलंय, आणि छाटणीचे मजूर मी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लावायचे असं वडिलांनी सांगून ठेवलंय.