चाकाचा ‘खेळ’, ‘ढिलाई’ की ‘मोकळीक’?

जुळे सोलापूर : मोटारसायकलच्या चाकांची बेअरिंगे घरच्या घरी तपासून बदलता यावीत, म्हणून आमच्या वसाहतीतल्या मुलांसाठी मी एक मराठी टिपण लिहीत आहे आणि पहिल्याच परिच्छेदात अडलो आहे. गाडी मेन स्टँडवर घ्यायची, चाक वर एका हाताने आणि खाली दुसऱ्या हाताने धरून आडवे हलवून पाहायचे आणि ते आसावर हलत असेल तर बेअरिंग झिजले असे समजायचे, इतके सरळ काम आहे. पण त्या हलण्याला काय म्हणावे? मी ‘चाकाला खेळ आहे का पाहा’ असे लिहिले होते. शेजारच्या काकांनी ‘खेळ’ खोडून ‘ढिलाई’ केले, आणि गॅरेजमध्ये तर सगळे ‘प्ले’च म्हणतात. जाणकारांनी मत द्यावे.

माजी निदेशक : आयटीआयमध्ये शिकवताना आम्ही दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवत असू. बेअरिंगच्या गोळ्या आणि कड्या यांच्यात कारखान्यातच थोडी जागा ठेवलेली असते, ती ‘मोकळीक’. बेअरिंगवर क्रमांकापुढे ‘सी३’ असे कोरलेले असेल, तर ही मोकळीक नेहमीपेक्षा जास्त आहे असा त्याचा अर्थ होतो, तो दोष नव्हे. झिजेमुळे येतो तो ‘ढिलेपणा’. ‘ढिलाई’ माणसाच्या कामात असते, चाकात नसते. शिवाय टिपणात एक वाक्य वाढवावे, कारण पुढचे चाक हलले म्हणजे बेअरिंगच गेले असे नव्हे: चाक आणि फोर्क (पुढचे चाक धरणारा दुपायी सांगाडा) यांच्यामध्ये हालचाल दिसली तर दोष बेअरिंगचा, आणि फोर्कसकट सगळेच मागेपुढे हलत असेल तर हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यांवर वळते ती बेअरिंगे, पाहावा.

अक्कलकोट रोड : ‘बेअरिंग गेले’ हे वाचून दचकलो. आमच्याकडे यंत्रमागांचे कारखाने रात्रंदिवस चालतात आणि तिथे बेरिंग ‘जाते’ ती स्त्रीलिंगी: बेरिंग गेली, बेरिंग घरघरते, नवी बेरिंग आणा. माझे आजोबा १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीत फिटर होते आणि तेही ‘गेली’च म्हणत. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारी माणसे एका खात्यात काम करीत असताना जे लिंग ठरले, ते पुस्तकाने बदलू नये.

शुद्धमती : लिंगाचा वाद उद्भवतो तोच उसन्या शब्दामुळे. मराठी परिभाषेत ‘धारवा’ हा घडवलेला, सुटसुटीत, पुल्लिंगी शब्द आहे. ‘धारण करणे’ हा अर्थ त्यात उघड दिसतो आणि ‘धारवा, धारवे, धारव्याला’ अशी त्याची रूपे निमूटपणे चालतात. टिपण मुलांसाठी असेल तर हीच संधी आहे.

अक्कलकोट रोड : ताई, दुकानात जाऊन मागच्या चाकाचा धारवा मागितला, तर दुकानदार धारवाडी पेढ्यांचे दुकान दाखवील.

माजी निदेशक : दुकानात बेअरिंगही चालत नाही आणि धारवाही चालत नाही, तिथे क्रमांक चालतो. ६२०२ आणि ६३०२ या दोहोंचे आतले भोक १५ मिलिमीटरच असते. पण पहिल्याचा बाहेरचा व्यास ३५ आणि जाडी ११, तर दुसऱ्याचा व्यास ४२ आणि जाडी १३ असते. म्हणून जुन्या बेअरिंगवरचा क्रमांक वाचूनच नवे आणावे. पुढे ‘२आरएस’ असेल तर दोन्ही बाजूंना रबरी झाकण असते, आणि आपल्याकडच्या धुळीत मी तेच घेईन.

शुद्धमती : क्रमांकाने खरेदी होते, सर, समजूत होत नाही. बेअरिंगच्या आतल्या कडीला इंग्रजीत ‘इनर रेस’ म्हणतात, त्याला मुलांना काय सांगणार? मी ‘अंतर्धाव’ सुचवते. गोळ्या जिच्यावरून धावतात ती धाव.

मोहोळचा शेतकरी : इथे मात्र आडवे यावे लागते. ‘धाव’ हा शब्द आमच्याकडे रिकामा पडलेला नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर बाहेरून चढवतात ती लोखंडी पट्टी म्हणजे धाव. लोहार ती जाळात तापवून फुगवतो, चाकावर बसवतो आणि वर पाणी ओततो, म्हणजे ती आकसून आऱ्यांसकट सगळे चाक आवळते. चाकाच्या सगळ्यात बाहेरच्या वस्तूचे नाव सगळ्यात आतल्या वस्तूला दिलेत, तर मूल हातोडा नेमका कुठे मारणार?

जुळे सोलापूर : मोहोळकरांनी माझी खरी अडचण पकडली. नवे बेअरिंग हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या गड्ड्यात, बसवताना फक्त बाहेरच्या कडीवर जोर द्यायचा असतो, त्यासाठी त्याच व्यासाचे सॉकेट किंवा जुनेच बेअरिंग वर ठेवून ठोकतात. आतल्या कडीवर ठोकले तर सगळा मार गोळ्यांमधून जातो, त्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात आणि नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासून खरखरते. उलट जुने काढताना दुसऱ्या बाजूने सळई घालून आतल्याच कडीवर ठोकावे लागते, म्हणून काढलेले बेअरिंग पुन्हा वापरायचे नसते. ‘आतली कडी’ आणि ‘बाहेरची कडी’ एवढेच लिहितो. त्यात कोणाची फसगत होणार नाही.

मोहोळचा शेतकरी : हब गरम करून आणि बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवून बसवतात, असे माझा पुतण्या सांगतो. म्हणजे लोहाराचीच विद्या झाली. हबला तुम्ही ‘तुंबा’ का म्हणत नाही? चाकाचा मधला फुगीर गड्डा, ज्यात आरे रोवतात, तो तुंबा. तुंबा म्हणजे भोपळा, त्या आकारावरून हे नाव पडले असावे, हा माझा आपला तर्क. तुंब्याच्या आत लोखंडी नळी असते, तिला आमचा सुतार ‘आवण’ म्हणे. दोन बेअरिंगांच्या मधे जी नळी असते, तिला तोच शब्द लावावा.

माजी निदेशक : तुंब्याला माझी हरकत नाही. आवणाला आहे, आणि ती व्युत्पत्तीवरून नव्हे, तर कामावरून आहे. आवण स्वतः आसावर घासते, म्हणजे ती झिजण्यासाठीच घातलेली असते, आणि तिला वंगण लागते. दोन बेअरिंगांमधली ही नळी, म्हणजे स्पेसर, घासत नाही. आसाचा नट आवळला की तो दोन्ही आतल्या कड्यांना ठरलेल्या अंतरावर धरून ठेवतो. ही नळी घालायला विसरलात, तर नट आवळताच आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि बेअरिंगे लवकरच बाद होतात. त्यामुळे ‘मधली नळी’ म्हणावे.

शुद्धमती : म्हणजे मराठी शब्द सापडला तरी नको आणि घडवला तरी नको. आवणाचा अर्थ थोडा विस्तारला तर काय बिघडते? शब्द असेच वाढतात.

अक्कलकोट रोड : मग ‘बेरिंग’चे लिंग विस्तारलेले का चालत नाही?

जुळे सोलापूर : मूळ प्रश्न खेळ आणि ढिलाईचा होता, त्याचे उत्तर निदेशक सरांच्या ‘ढिलेपणा’वर तूर्त टेकवतो. ‘मोकळीक’ वेगळी ठेवतो.

माजी निदेशक : ‘टेकवणे’ हे क्रियापद टिपणातही येऊ द्या, कारण नेमके तेच हवे आहे. आधी एका बाजूचे बेअरिंग त्याच्या बैठकीपर्यंत पूर्ण बसवावे, मग मधली नळी घालावी, आणि दुसऱ्या बाजूचे बेअरिंग त्या नळीला टेकले की ठोकणे थांबवावे. तिथे ‘घट्ट बसवावे’ असे लिहिलेत, तर मुले ठोकतच राहतील.

अक्कलकोट रोड : टेकले की टेकली?