मदत हवी आहे: जुन्या फोनवर अँड्रॉइड १२ घ्यावे की ११ वरच थांबावे?

माझ्या फोनला ३ जीबी रॅम आणि ३२ जीबी स्टोरेज असून तो सध्या अँड्रॉइड ११ वर चालतो. कंपनीने याच मॉडेलसाठी अँड्रॉइड १२ चे अधिकृत अपडेट दिले आहे, मात्र ते घ्यावे की नाही, हे मला ठरवता येत नाही. शेवटचा सिक्युरिटी पॅच दोन वर्षांहून जुना आहे आणि मी याच फोनवर बँकेचे अ‍ॅप वापरते, त्यामुळे आहे तसेच चालू ठेवणे मला धोक्याचे वाटते.

दुसरीकडे, फोन आताच मंद झाला आहे: कॅमेरा उघडायला चार-पाच सेकंद लागतात आणि टाइप केलेली अक्षरे पडद्यावर मागाहून उमटतात. फोटो संगणकावर हलवले, नको असलेली अ‍ॅप्स काढली, कॅशे पुसली. आता ९ जीबी जागा मोकळी आहे, पण वेगात फारसा फरक पडला नाही. बॅटरी मूळचीच आहे. फॅक्टरी रीसेट (सगळा डेटा पुसून फोन नव्यासारखा करणे) अजून केलेला नाही, परंतु बॅकअप घेतलेला असल्याने त्याची तयारी आहे.

निदान वर्षभर नवा फोन घेणे शक्य नाही. कस्टम रॉमही (कंपनीऐवजी इतरांनी बनवलेली अँड्रॉइडची आवृत्ती) नको, कारण त्यासाठी बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक करावा लागतो आणि तसे केल्यावर बँकेची अ‍ॅप्स बरेचदा चालत नाहीत. एकदा अपडेट केल्यावर जुन्या आवृत्तीवर परतणे सहसा सोपे नसते, म्हणून आधीच विचारते आहे.

३ जीबी रॅमच्या फोनवर ज्यांनी ११ वरून १२ घेतले, त्यांचा फोन पहिले काही दिवस उलटल्यावरही मंदच राहिला का, आणि अपडेटनंतर लगेच फॅक्टरी रीसेट केल्याने काही सुधारणा झाली का?