सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवीन आलेल्यांनी प्रश्न कसा विचारायचा

बी ३०४: काल रात्री जे झालं त्यावर लिहितेय, मेसेज लांब होईल पण वाचा प्लीज. सी विंगच्या नवीन दादांनी आधी "हॅलो" टाकलं, मग "कुणी आहे का", मग "पाणी येत नाहीये", सगळ्यांचे फोन वाजले आणि त्यांना उत्तर काय मिळालं तर "हे आधी झालंय, वर बघा". अहो वर काय बघणार ते? ग्रुपमध्ये यायच्या आधीचे मेसेज नवीन माणसाच्या फोनवर आपोआप येत नाहीत, सर्च केलं तरी काही सापडत नाही. मला खरंच वाईट वाटलं.

ए १०२: ताई मान्य आहे, पण "पाणी येत नाहीये" एवढ्यावरून कुणी काय सांगायचं? माझ्याकडे तर येत होतं.

बी ३०४: तेच तर काका. मी त्यांना पर्सनलवर विचारलं तेव्हा कळलं की फक्त किचनच्या नळाची धार करंगळीएवढी झालीये, बाथरूमला नीट येतंय, कॉक पूर्ण उघडा आहे आणि शेजारीही ठीक. हे सगळं पहिल्याच मेसेजमध्ये असतं तर कुणीही सांगितलं असतं की टाकीचा प्रश्न नाही, नळाच्या तोंडाची जाळी काढून धुवा.

सी ५०१: सॉरी सगळ्यांना. एकदम प्रश्न टाकला तर उद्धट वाटेल म्हणून आधी हॅलो म्हटलं आणि कुणी बोलेल म्हणून थांबलो.

ए १०२: सॉरी कशाला, उलट मीच तोडून बोललो काल. फक्त पुढच्या वेळी नमस्कार आणि प्रश्न एकाच मेसेजमध्ये टाका, म्हणजे ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा तो उत्तर देईल.

डी ६०३: ऑक्टोबर १९९५ मध्ये आरएफसी १८५५ नावाने इंटरनेटवर वागायचे नियम निघाले होते, त्यात आहे की काहीही लिहायच्या आधी एक-दोन महिने नुसतं वाचा. पण तिथे विषयावर गप्पा चालायच्या, इथे घरात पाणी नसलेला माणूस दोन महिने कसा थांबेल? त्यामुळे आपल्याकडे नवीन माणसाने लगेच विचारावं, फक्त मजला, कधीपासून आणि काय काय करून बघितलं हे लिहावं. आणि रात्री उशिरा अर्जंट नसेल तर सकाळी टाका, घरात लहान मुलं झोपलेली असतात.

बी ३०४: अजून एक, प्रॉब्लेम सुटला की काय केल्यावर सुटला ते ग्रुपवर सांगा. लोक उत्तर घेतात आणि गप्प होतात, मग पुढच्याला तेच पहिल्यापासून विचारावं लागतं. नुसत्या अंगठ्याने काही कळत नाही हो.

सी ५०१: जाळी काढली, आत वाळूचे बारीक खडे अडकले होते, जुन्या टूथब्रशने घासून परत बसवली, आता धार पूर्ण येतेय. थँक्यू ताई 🙏

ए १०२: हा मेसेज पिन करा कुणीतरी.

डी ६०३: पिन जास्तीत जास्त ३० दिवस राहतो काका. ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाकूया, ते नवीन आलेल्यालाही दिसतं. आज रात्री लिहून ॲडमिनना पाठवतो.