मदत हवी आहे: हाडांच्या ठिसूळपणासाठी कोलॅजन घेतलंय का कुणी?

नमस्कार मंडळी. आईचं वय ६८. डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजणारी तपासणी) मणक्याचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत घनता किती, ते सांगणारा आकडा) उणे २.८ आला, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच, हाडांचा ठिसूळपणा (उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की तसं धरतात). डॉक्टरांनी हाडांची झीज कमी करणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू केलंय. ते चालूच राहणार, त्यात तडजोड नाही.

प्रश्न कोलॅजन पावडरीचा आहे. मावशीने डबा आणून दिलाय आणि आई आता गोळीपेक्षा त्या डब्यावर जास्त विश्वास ठेवतेय! थोडं वाचलं. हाडातला प्रथिनांचा सांगाडा मुख्यतः कोलॅजनचाच असतो, हे खरं. पण खाल्लेलं कोलॅजन पचनात तुटतं, ते थेट हाडात जाऊन बसत नाही. २०१८ च्या एका अभ्यासात पाळी गेलेल्या स्त्रियांना रोज ५ ग्रॅम कोलॅजन पेप्टाइड्स (कोलॅजनचे बारीक तुकडे) वर्षभर दिल्यावर हाडांची घनता थोडी वाढलेली दिसली. पण त्यात स्त्रिया जेमतेम १३१, आणि फ्रॅक्चर कमी होतात का, हे त्यातून कळत नाही.

कुणी औषधांच्या जोडीने वर्षभर तरी घेतलंय का? पुढच्या स्कॅनमध्ये फरक दिसला का? पोट बिघडलं का? आणि वेळ कशी सांभाळता? अ‍ॅलेन्ड्रोनेट सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायचं, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. म्हणून पावडर रात्री द्यावी असं मनात आहे. आईला मूतखड्याचा जुना त्रास आहे, तसा कुणाला असेल तर आवर्जून लिहा. डॉक्टरांना पुढच्या भेटीत विचारणारच आहे, तोवर डबा बंद.