पुन्हा: पुन्हा: शनिवारचा सिनेमा – हॉल ७ला बंद होतो!

शुभदा:
मंडळी, हॉल ४ ते ७ एवढाच मिळालाय. साडेसहाला खुर्च्या उचलायला घ्यायच्या, नाहीतर संक्रांतीसारखे केअरटेकर दारात येऊन उभे राहतील. बैठकीत 'गोल' हा फुटबॉलचा सिनेमा ठरला होता, आता 'झुंड'चा आग्रह सुरू झालाय. 'झुंड' जवळजवळ तीन तासांचा आहे, 'गोल' दोन तासांत आटपतो. लायसन्सचे पैसे भरायचेत, आज रात्रीपर्यंत काय ते कळवा.

मकरंद:
शुभदाताई, वेळेचं नंतर बघू. न्यूकॅसलच्या मंडळाने न्यूकॅसलच्याच क्लबचा इंग्रजी सिनेमा दाखवायचा, तर मंडळ कशाला हवं? मुलांनी तो घरी बघावा. 'झुंड' नागराज मंजुळेंचा, आपल्या मातीतला. नागपूरच्या विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतली पोरं मोडक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली, त्यातून २००१मध्ये पोरांना फुटबॉल शिकवण्याचं त्यांचं काम उभं राहिलं, त्याचीच ही गोष्ट. मी नागपूरचा आहे. ती मैदानं, त्या भिंती मला ठाऊक आहेत. इथल्या मुलांना हे कोण दाखवणार?

आनंद:
लायसन्स कशाला? दोन्हीच्या डीव्हीडी माझ्याकडे आहेत.

शुभदा:
आनंद, डीव्हीडी घरात बघण्यासाठी असते. हॉलमध्ये दाखवायचं तर हक्कदाराची परवानगी घ्यावीच लागते, तिकीट असो वा नसो. २०१५ला जी सवलत आली ती कौन्सिलच्या लायसन्सपुरती: नफा न कमावणारा कार्यक्रम, सार्वजनिक हॉल, ५००पर्यंत प्रेक्षक, सकाळी ८ ते रात्री ११. सिनेमाचे हक्क त्यात येत नाहीत. वयाचं प्रमाणपत्रही पाळावं लागतं, म्हणून लहानांना आईबाबांशेजारीच बसवा.

विद्या:
मकरंद, 'झुंड' हिंदी आहे, त्यामुळे भाषेचा मुद्दा धरू नकोस. बाकी तुझं म्हणणं पटतं, सिनेमा मोठाच आहे. पण शनिवारी येणार आहेत ती दहा-बारा वर्षांची मुलं, आणि त्यांच्यासाठी 'गोल'मध्ये जे आहे ते दुसरीकडे मिळणार नाही.

'गोल'चा नायक सांतियागो मेक्सिकोतून लहानपणी चोरून सीमा ओलांडून आलेला. लॉस एंजेलिसमध्ये बापाबरोबर लोकांच्या बागा राखायच्या, रात्री हॉटेलात राबायचं. पोराने साठवलेल्या पैशांतून बाप ट्रक घेऊन मोकळा होतो, शेवटी इंग्लंडचं तिकीट काढून देते ती आजी. इथे येतो तर पाऊस आणि चिखल. पहिल्या चाचणीत त्याला धड उभंही राहता येत नाही. दम्याचा पंप तो सगळ्यांपासून लपवतो, आणि सामन्याआधी संघातलाच एकजण तो पायाखाली चिरडतो. आमचा धाकटा अजून पंप मोज्यात खोचून खेळायला जातो, मास्तरांना सांगत नाही. त्याला हा प्रसंग बघू दे. आईने सांगून जे होत नाही ते होईल.

आणि बाप! 'आपल्यासारख्यांनी असली स्वप्नं बघू नयेत' हाच त्याचा हेका. पोराला न सांगता तो बारमध्ये बसून टीव्हीवर त्याचा सामना बघतो. पोराला हे कळतं तेव्हा बाप गेलेला असतो. इथे आलेल्या आपल्यातल्या कितीजणांना हे लागू पडतं, बघा.

मकरंद:
विद्याताई, बापाचं मान्य. पण सांतियागोला खेळाडू हेरणारा स्काउट भेटतो, आणि वर्षाच्या आत तो लिव्हरपूलविरुद्ध शेवटच्या क्षणी फ्री किक मारतो. असं होतं कुणाचं? बारसे सरांच्या पोरांना बूटही नव्हते.

प्रसाद:
होत नाही, हे मी मुलांना शिकवतो म्हणून सांगतो. इथल्या फुटबॉल अकॅडम्यांमध्ये नऊ-दहा वर्षांची मुलं घेतात आणि बहुतेकांना सोळा-अठराच्या आत घरी पाठवतात. म्हणून 'गोल' दाखवायचा तर नंतर वीस मिनिटं बोलायला हवीत. खेळाचा कार्यक्रम आहे, बोलण्याचं क्रीडा समिती बघेल.

विद्या:
सिनेमा सांस्कृतिक समितीचा आहे, प्रसाद. तू बोल, पण आभारप्रदर्शन आणि वेळापत्रक आमच्याकडे.

आनंद:
सेंट जेम्स पार्कचे, म्हणजे न्यूकॅसल क्लबच्या मैदानावरचे प्रसंग खऱ्या गर्दीत घेतलेत. क्लबचा खेळाडू अॅलन शिअररही दिसतो. माझ्या शेजारचे आजोबा ते चित्रीकरण चालू असताना स्टँडमध्ये होते, त्यांना बोलवू का?

शुभदा:
आनंद, जरूर बोलव, खुर्ची पुढची ठेवते. हिशोब असा: ४ला दार, सव्वाचारला सिनेमा, सव्वासहाला संपेल. प्रसादला पंधरा मिनिटं, वीस नाहीत. 'झुंड' या वेळेत बसतच नाही. तो अर्धा दाखवून बंद करणं त्या सिनेमावर अन्याय होईल. मार्चमध्ये दिवसभराचा हॉल मागते, तेव्हा 'झुंड', आणि प्रास्ताविक मकरंदने करायचं.

मकरंद:
मार्चचं बैठकीच्या नोंदवहीत लिहा, म्हणजे झालं. प्रास्ताविक करतो. सबटायटल्स लावा, आमच्या घरी इथले जॉर्डी उच्चार आईला कळत नाहीत.

नीलिमा:
बटाटेवडे हॉलमध्ये तळायचे नाहीत, धुराचा अलार्म वाजतो. घरून तळून आणते, पण नेमके किती जण ते गुरुवारपर्यंत सांगा. चटणीत शेंगदाणे नकोत ना?